कडेची नळी

काट्यानं माझं वजन चार किलोनं कमी दाखवलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. महिनाभर मी लिफ्टला हात न लावता चार मजले चढत होते, शरीरानं शेवटी माझं ऐकलं, एवढाच अर्थ मी काढला आणि बाथरूमच्या दारातून ओरडले, "चार किलो!" नवरा भूगोलाचा निवृत्त मास्तर. गालाला साबणाचा फेस तसाच ठेवून तो आला, मला हातानं बाजूला सारलं, स्वतः काट्यावर चढला आणि पोट आत घेऊन खाली बघत म्हणाला, "अगं, मीपण चारच किलो उतरलोय. आणि मी तर महिनाभरात खुर्चीसुद्धा बदललेली नाही." मग स्वतःवरच खूश होऊन म्हणाला, "आपण दोघं वाळलोय की काटा वारलाय?" एरवी मी त्याला चांगलं उत्तर दिलं असतं. पण त्या दिवशी नाही दिलं. मी तशीच ओल्या पायांनी फरशीवर उभी राहिले आणि डोळ्यांसमोर सोमवारी रिपोर्ट केलेली मायक्रोस्कोपची एक काच आली, कोपऱ्याला निळ्या पेनानं क्रमांक लिहिलेली. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं? एवढं मनाला नको लावून घेऊ, नवीन सेल घालतो." मी म्हटलं, "सेल घाल. मी लॅबमध्ये जाऊन येते." शनिवार होता. शनिवारी मी जात नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. गाठीचा तुकडा डॉक्टर काढतात, तो सडू नये म्हणून फॉर्मलिनच्या डबीत बुडवून पाठवतात, आमच्याकडे तो मेणात बसवून केसाहूनही पातळ कापला जातो, काचेवर रंगवला जातो, आणि मायक्रोस्कोपखाली बघून मी त्याला नाव देते. बावीस वर्षं देतेय. सर्जन मंडळी मला पाठीमागे घार म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या लॅबला जिथं दोन दिवस आणि तीन मतं लागतात, तिथं मी चहा निवायच्या आत सांगते आणि ते टिकतं. सोमवारची ती काचही मी तशीच, चहा निवायच्या आत वाचली होती. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर आम्ही तीन खुणा शोधतो, दोन हार्मोनच्या आणि एक वाढीच्या प्रथिनाची. खूण असली की रंगवल्यावर तपकिरी उठते, नसली की सगळं निळं राहतं. तिन्ही निळे आले, तर त्या गाठीला ट्रिपल निगेटिव्ह म्हणायचं. ती जात आडदांड. तिच्यावर वर्षानुवर्षं घ्यायच्या साध्या हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, सरळ केमोपासून सुरुवात करावी लागते. सोमवारी तिन्ही निळे होते. वाढीचा वेग मोजला तर शंभरातल्या ऐंशी पेशी एकाच्या दोन व्हायच्या तयारीत. सगळं चेहऱ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट. मी लिहिलं, सही केली, चहा प्यायले.

फक्त एक गोष्ट बघायची असते. त्या तुकड्याच्या कडेला नशिबानं एखादी निरोगी दुधाची नळी आलेली असते, पेशींच्या दोन ओळींची छोटीशी गोल अंगठी. हार्मोनची खूण निरोगी नळीतल्या काही पेशींना असतेच असते. म्हणून ती नळी थोडीफार तपकिरी व्हायलाच हवी. तीही निळीच राहिली, तर गाठीनं काहीच सांगितलेलं नसतं, तपासणीच मेलेली असते. नवराही चार किलोनं उतरला की काटा मेलेला असतो, तसं. आमचे म्हातारे सर, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते मायक्रोस्कोपवर डोकं ठेवायच्या आधी दर वेळी म्हणायचे, "आधी निरोगी भाग बघ. तो खरं बोलतोय का ते ठरव. मग गाठीला विचार." पहिली दहा वर्षं मी हे मंत्रासारखं पाळलं. पुढं कधी सुटलं ते कळलं नाही. कधीच त्रास झाला नाही, म्हणून सुटलं असणार. रिक्षात बसून मी सोमवारची काच आठवायचा प्रयत्न केला. मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पण काचा आठवतात. नळी आठवली. उजव्या कडेला, किंचित चेपलेली, शेजारी चरबीचे दोन रिकामे बुडबुडे. पण तिचा रंग काही केल्या आठवेना. तपकिरी म्हटलं की ती तपकिरी दिसायची, निळी म्हटलं की निळी. म्हणजे मी ती बघितलीच नव्हती. माझ्या डोळ्यांनी बघितली होती, मी नव्हती बघितली.

आणि गंमत अशी की त्या वेळीही माझी खात्री हलली नव्हती. ती ट्रिपल निगेटिव्हच आहे, मला दिसतंय, मला कळतंय, असं आतून कुणीतरी कमरेवर हात ठेवून सांगतच होतं. हा आवाज माझ्या फार जुन्या ओळखीचा आहे. लहानपणी धान्य निवडायला आई ताट माझ्याकडे द्यायची, कारण घरात माझ्याइतकं भराभर कुणी निवडत नसे. मी खडा दुरून ओळखायचे आणि त्याची घरभर जाहिरात करायचे. एकदा जेवताना आईच्या दाताखाली कचकन खडा आला. तिनं चेहराही वाकडा केला नाही, दोन बोटांनी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला. कुणी काहीच म्हणालं नव्हतं. मीच म्हटलं, "तो मी निवडलेल्यातला नाही." वडील मान खाली घालून हसले. आई म्हणाली, "नसेल बाई." त्या 'नसेल बाई'चा मला इतका राग आला होता की मी अर्ध्या जेवणावरून उठले होते. आज त्याच रागाची चव तोंडात होती, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता, कारण मी बहुतेक पुटपुटत होते.

लॅबमध्ये ताई होत्या. काचा रंगवणाऱ्या ताई, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, त्यांच्या बोटांच्या पेरांतून तपकिरी रंग आता अंघोळीनंही जात नाही. शनिवारी त्या एकट्या येऊन यंत्रं धुतात आणि रेडिओ लावतात. मला बघून त्यांनी रेडिओ बंद केला, जणू चोरी पकडली गेली. मी क्रमांक सांगितला. त्यांनी ट्रे काढला, काच शोधली, पदराच्या टोकानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मी बसले. आधी निरोगी भाग बघ. उजवी कड, चरबीचे दोन बुडबुडे, चेपलेली नळी. निळी. दोन्ही ओळी निळ्या. एकही पेशी तपकिरी नाही, चुकूनसुद्धा नाही. काचेच्या वरच्या टोकाला ताई दर वेळी पारखलेल्या जुन्या गाठीचा एक तुकडा लावतात, तो मात्र मस्त तपकिरी रंगला होता. म्हणजे रंग चांगला होता, ताईंचा हात चांगला होता, हा तुकडाच आधी बिघडला होता. "हा आला कसा होता?" मी विचारलं. ताई म्हणाल्या, "आता विचारताय होय. डबीत फॉर्मलिन नावालाच होतं मॅडम, तुकडा वर कोरडा चिकटलेला. शुक्रवारी दुपारी काढलेला, आमच्याकडे शनिवारी पोचला. सोमवारी मी तुम्हाला बोलले होते." "मी काय म्हटलं?" "बघते म्हणालात." मग त्यांना माझी दया आली असावी. "तुम्ही फोनवर होतात तेव्हा," त्या म्हणाल्या. मी फोनवर नव्हते. कुणीतरी माझं कौतुक करत होतं ते मी ऐकत होते, ते फोनवरून येत होतं, एवढंच.

सर्जनला फोन लावला. तो माझा जुना दोस्त, कॉलेजपासून एकमेकांचे पाय ओढतो आम्ही. "घारीला शनिवारी काय सुचलं?" तो म्हणाला. मी सांगितलं, रिपोर्ट मागं घेतेय, तुकडा धड टिकवलेला नव्हता, पुन्हा बायोप्सी घ्यावी लागेल. मग तो हळू आवाजात, मित्र बोलतो तसा बोलायला लागला. "हे बघ, सोमवारी तिला पहिलं सलाईन लागणार आहे. खोली ठरली, औषध आलं. तिचं वय, गाठीचा वेग, सगळं तू म्हणतेस त्याच्याशी जुळतंय. नव्वद टक्के तुझंच बरोबर निघणार." "नव्वद नाही, पंच्याण्णव," मी म्हटलं, कारण ते खरं होतं. "मग?" "मग काय. मी बघितलेलं नाही, आणि बघितलंय म्हणून सही केलीय." "कुणाला कळणार आहे?" असं तो म्हणाला नाही, पण फोनमध्ये ते वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये बराच वेळ उभं होतं. मला ते नीट दिसत होतं. पंच्याण्णव माणसांच्या बाबतीत काहीही बिघडलं नसतं, केमो योग्यच ठरला असता, मी घारच राहिले असते. उरलेल्या पाचांत ही बाई असली, तर तिच्या वाट्याच्या गोळ्या तिला कुणी दिल्याच नसत्या, आणि दहा वर्षांनी का गेली हे कुणाला कळलंही नसतं. "आणि डबीत फॉर्मलिन कमी होतं ते तुझ्याकडून," मी म्हटलं. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, बहुतेक स्वतःला. मग म्हणाला, "एक वाजता ती माझ्याकडे येतेय. सलाईनबद्दल बोलायला. तूच येऊन सांग. तुझ्या सहीला मी का तोंड द्यायचं?"

बावीस वर्षांत मी एकाही पेशंटला भेटले नव्हते. त्याचा मला अभिमानच होता. चेहरा बघितला की नजर बिघडते, असं मी भाषणांमधून सांगत असे. फॉर्मवरून मला एवढंच ठाऊक होतं की वय अडतीस आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेलं, पोहायला शिकवते. सर्जनच्या खोलीत ती खुर्चीच्या पाठीला न टेकता बसली होती. खांदे रुंद, केस आखूड, हातावर घड्याळाच्या जागी गोरा पट्टा. आवाज मोठा, पाण्यात असलेल्या पोरांना ऐकू जावा असा. मी माझं नाव, काम सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, डबी, नळी, निळा रंग. काटा आणि नवरा सांगायचा मोह झाला, तो आवरला. तिनं विचारलं, "चूक डबीची की तुमची?" सर्जन खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हटलं, "डबी वाईट होती. ते ओळखायचं काम माझं होतं. चूक माझी." असं वाक्य मी तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान निघालं.

"म्हणजे तो वाईट प्रकार नसेलही," ती म्हणाली. तिचा मोठा आवाज एकदम खाली आला होता. इथं मला काहीतरी गुळमुळीत बोलता आलं असतं. समोरचा माणूस काठाला हात लावायला धडपडत असताना हो म्हणणं फार सोपं असतं. मी म्हटलं, "नसेलही. पण मला विचाराल, तर तोच असेल. माझा अंदाज तोच आहे आणि माझे अंदाज बहुतेक बरोबर येतात. फक्त अंदाजावर तुमच्या अंगात औषध घालायचं नाही, म्हणून पुन्हा टोचायचं." सर्जननं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेडी आहे. ती मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "मंगळवारी मला त्याचं नाव सांगितलं ह्यांनी. चार दिवस मी रडले. घरात नाही, पाण्यात रडत होते, पोरांना कळत नाही तिथं. काल रात्री पहिल्यांदा झोप लागली. म्हटलं, असू दे, त्याचं नाव ते, आपलं नाव आपलं. आणि आज तुम्ही येऊन परत आशा लावलीत. निघालं तेच, तर पुन्हा चार दिवस रडायचं. ते कोण रडणार, तुम्ही?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो मला रास्त वाटला. मी म्हटलं, "रिपोर्ट लागला की आधी तुम्हाला कळेल. ह्यांच्यातर्फे नाही, मी स्वतः फोन करीन. काचेवरून मान वर केली की लगेच." ती उठली, तपासणीच्या पलंगाकडे जात सर्जनला म्हणाली, "चला, टोचा. आणि त्या डबीत औषध नीट भरा." डबी मी स्वतः भरली. काठोकाठ भरली, आणि तुकडा त्यात बुडालेला दिसेपर्यंत नजर हलवली नाही.

ते चार दिवस कसे गेले ते घरच्यांना विचारावं. नवऱ्यानं काट्यात नवीन सेल घातले, वजन जिथल्या तिथं आलं, त्यानं ते सांगितलं नाही यातच त्याचं शहाणपण. मी जुन्या काचा काढून बसत होते. गेल्या तीन महिन्यांतले निळे रिपोर्ट, एकेकाची कड, एकेकाची नळी. सत्तेचाळीस काचा. सगळीकडे नळी तपकिरी होती, माझं सगळं बरोबर होतं, आणि प्रत्येक वेळी बरोबर निघाल्याचं समाधान आधीच्यापेक्षा थोडं कमी होत गेलं. नशिबानं बरोबर असणं आणि बघून बरोबर असणं यांत काचेवर काहीच फरक दिसत नाही. तो फरक फक्त खुर्चीत बसलेल्याला ठाऊक असतो. ताई प्रत्येक ट्रे आणून ठेवायच्या, नेऊन ठेवायच्या. मंगळवारी त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यासारखी मीपण माझ्या काचा कधीतरी पुन्हा बघाव्या म्हणते." मी म्हटलं, "तुम्ही बघितल्या होत्या ताई. मीच ऐकलं नाही." त्यांनी रेडिओ लावला. माझ्यासमोर पहिल्यांदा लावला.

बुधवारी सकाळी साडेदहाला नवीन काच आली. मी आधी कडेला गेले. या वेळी दैव उदार होतं, एक सोडून तीन नळ्या. तिन्हींत तपकिरी पेशी, इथं दोन, तिथं पाच, अगदी जशा असाव्यात तशा. निरोगी भाग खरं बोलत होता. मग काच सरकवली, गाठीवर आले. निळी. शुद्ध निळी. दुसरी खूण, निळी. तिसरी, निळी. आणि छातीत काहीतरी उंच उडालं. मी बरोबर होते! पहिल्या दिवसापासून बरोबर होते! मी खुर्चीतच ताठ झाले, ओठांवर हसू आलं, ते मला काचेच्या कपाटात दिसलं. एका बाईच्या गाठीत काहीही चांगलं सापडलं नव्हतं आणि घार हसत होती. मी ते हसू तोंडावर तसंच राहू दिलं, पुसलं नाही. बघून घेतलं. बावीस वर्षं हे असंच हसत आले असणार, समोरच्या कपाटात कधी बघितलं नव्हतं इतकंच.

मग मला घाई नव्हती, म्हणून मी बघत राहिले. आणि मला ते दिसलं जे सोमवारच्या कोरड्या तुकड्यात नीट दिसलं नव्हतं, किंवा नाव मिळाल्यावर मी पुढं बघितलंच नव्हतं. गाठीच्या पेशींच्या मधल्या जागेत बारीक, काळसर, गोल पेशींची दाटी होती. लिम्फोसाइट. शरीराच्या स्वतःच्या रखवालदार पेशी. ट्रिपल निगेटिव्हमध्ये त्यांची दाटी जितकी जास्त, तितका केमो चांगला लागू पडायचा संभव जास्त, गाठ विरघळण्याचा आणि माणूस वाचण्याचा संभव जास्त. हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या छापील फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, म्हणून घाईत कुणी लिहीत नाही. मी दहा जागा निवडल्या, प्रत्येक जागी किती टक्के दाटी ते लिहून काढलं, सरासरी काढली. साठ. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. साठच. मी मान वर केली आणि फोन उचलला.

पलीकडे पाण्याचा आणि पोरांचा गलका होता. तो दूर गेला, एक दार लागलं. "बोला," ती म्हणाली. मी म्हटलं, "तोच प्रकार आहे. या वेळी शंका नाही." तिचा श्वास ऐकू येत होता, मोजून घेतलेला. "म्हणजे तुम्ही बरोबरच होतात." "हो." "आनंद झाला?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता, खरोखर विचारत होती. मी म्हटलं, "झाला. क्षणभर झाला. त्याची मला लाज वाटतेय." मग ती म्हणाली, "बरं झालं, खरं सांगितलंत. नाहीतर पुढचं काही मी ऐकलं नसतं. पुढचं काही आहे का?" मी तिला त्या रखवालदार पेशींबद्दल सांगितलं. साठ टक्के म्हणजे काय, त्यानं काय होऊ शकतं, काय होईलच असं नाही. हमी नाही हे दोनदा सांगितलं. "हेपण अंदाजानं?" "नाही. हे मोजून."

"मग परत मोजा," ती म्हणाली. मी म्हटलं, "दोनदा मोजलंय मी." "मी नव्हते तेव्हा मोजलंत," ती म्हणाली, आणि तो मोठा आवाज तिथं तुटला. "आता मोजा. मला ऐकवा." माझ्या आयुष्यात कुणी मला असं सांगितलं नव्हतं. मी फोनचा स्पीकर लावला, मायक्रोस्कोपशेजारी उभा ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि काच पहिल्या जागेवर आणली. ताई दारात येऊन थांबल्या. मी डोळे लावले आणि मोठ्यानं म्हटलं, "पहिली जागा, सत्तर." फोनमधून ओलसर आवाजात आलं, "हं." "दुसरी, पासष्ट." "हं." तिसऱ्या जागेवर आले तर तिथं विरळ होतं. शेजारीच दाट जागा होती, काच केसभर सरकवली असती तर ऐंशी झाले असते. मी काच हलवली नाही. "तिसरी, वीस," मी म्हटलं. मी थांबले. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "हं. पुढची?"